हैबतीने पाणी सोडलं

डोंगराच्या अगदी टोकावर हिरडमाळ नावाचं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा माळी होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून वाटे, कुणीतरी दांडगा, मिशांना पीळ भरणारा गडी असेल. पण हैबतीला बघून कोंबडीसुद्धा बाजूला होत नसे. उलट हैबतीच बाजूला होई आणि म्हणे, "जा बाई तू आधी."

हैबती द्वारकाअक्कांच्या बंगल्यावर कामाला होता. बंगल्यापुढे मोठं लॉन होतं. ते हैबतीने स्वतःच्या हातांनी लावलेलं. रोप न् रोप. रोज सकाळी तो लॉनच्या कडेला चपला काढून ठेवी आणि मगच आत पाय टाकी. लॉनमध्ये बारा फवारे होते. एरवी ते जमिनीत लपून बसत आणि पाणी आलं की बेडकासारखं डोकं वर काढून गरगर फिरत.

हिरडमाळात थंडी अशी पडे, की पहाटे गवतावरचं दव गोठून त्याची साखर होई. गेल्या वर्षी त्या थंडीने फवाऱ्यांचे पाइप फुटले होते. सगळ्या लॉनचा चिखल झाला होता. त्यात अक्कांची एक चप्पल रुतली ती अजून सापडली नव्हती.

या वर्षी तर अक्कांच्या नातीचा, शाल्मलीचा, साखरपुडा होता. येत्या रविवारी सकाळी, त्याच लॉनवर. सोमवारी सकाळी अक्कांनी हैबतीला बोलावलं. अक्का पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांचे गुडघे दुखत, पण आवाज अजिबात दुखत नसे.

"हैबती, आठवड्यात थंडी वाढणार आहे. फवाऱ्यांचा बंदोबस्त करायचाय. यंदा एक जरी नळ फुटला ना, तर हे लॉन उखडून मी सगळीकडे फरशी घालणार. आणि फरशीला माळी लागत नाही. कळलं?"

हैबतीने लॉनकडे बघितलं. लॉन बिचारं हिरवंगार पडून होतं. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"न्हाई फुटणार अक्का. तुम्ही सांगाल तस्संच करतो."

"तसंच कर. पदरचं काही घालू नकोस. आणि जे सांगते त्याची मनाशी खूणगाठ बांध."

हैबतीने मनाला गाठ कुठे मारायची याचा थोडा विचार केला. जमेना. मग त्याने खांद्यावरच्या पंचाचं टोक पुढे घेतलं आणि म्हणाला, "सांगा."

"पहिलं काम. मेन चावी बंद कर."

एवढं सांगून अक्का बाजारात गेल्या. तासाभराने परत आल्या, तर दाराला कुलूप. हैबती पायरीवर बसून होता. काम झाल्यामुळे खुशीत होता.

"कुलूप कोणी लावलं?"

"मी. वाऱ्यानं दार आपटत होतं."

"चावी दे."

"बंद केली."

"म्हणजे?"

"तुम्हीच म्हणाला ना अक्का, मेन चावी बंद कर. घराची मेन चावी हीच. मेन चावी पोह्यांच्या डब्यात घालून झाकण घट्ट बंद केलं, आन् दुसरी चावी होती तिनं कुलूप लावलं."

"मग ती दुसरी चावी दे!"

"ती खिडकीतनं आत टाकली. मेन बंद, मग दुसरी उघडी कशी ठेवू?"

शेवटी शाल्मली कॉलेजातून आली. ती ओढणी कमरेला खोचून न्हाणीघराच्या खिडकीतून आत शिरली, तेव्हा कुठे अक्कांना चहा मिळाला.

"अरे, पाण्याची चावी रे! पाण्याची! ती खड्ड्यात असते. चावी म्हटलं की खड्ड्यात बघायचं!"

"बरं अक्का. चावी म्हटलं की खड्डा."

आणि हैबतीने पंचाला गाठ मारली.

मंगळवारी शाल्मली स्कूटरवरून आली. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

"हैबतीदादा, एवढी चावी नीट ठेव रे."

हैबतीने पंचाची गाठ चाचपली. चावी. खड्डा. तो लॉनच्या कोपऱ्यात गेला. तिथे सिमेंटचं झाकण होतं, झाकणाखाली खड्डा होता आणि खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. हैबतीने स्कूटरची चावी अलगद आत सोडली आणि झाकण लावलं.

संध्याकाळी ती चावी शोधायला शाल्मली, अक्का आणि घरातला लोणच्याचा मोठा पळा असे तिघं खड्ड्यावर ओणवे झाले होते.

"अरे देवा! खड्ड्यात चावी टाकायची नसते, हैबती! खड्ड्यातली चावी फिरवायची असते! ते बघ, ते पितळी दिसतंय ना? उजवीकडे फिरवलं की पाणी बंद, डावीकडे फिरवलं की चालू."

"असं होय!" हैबती म्हणाला. त्याने हात घालून पितळी चावी उजवीकडे फिरवली. पाणी बंद झालं. पहिलं काम मंगळवारी संध्याकाळी का होईना, पार पडलं.

"उजवीकडं बंद. डावीकडं चालू," हैबती पुटपुटला आणि त्याने दुसरी गाठ मारली.

बुधवारी अक्का म्हणाल्या, "आता वरून पाणी बंद झालंय. पण पाइपात जुनं पाणी आहे. ते सोड. आज तेवढंच कर. पाणी सोड."

हे ऐकून हैबतीला फार बरं वाटलं. कारण पाणी सोडणं त्याला येत होतं. श्रावणात अक्कांकडे सत्यनारायण झाला, तेव्हा गुरुजी दर दोन मिनिटांनी "पाणी सोडा" म्हणत होते आणि अक्का हातावरून ताम्हनात पाणी सोडत होत्या. हैबतीने खांबाआडून सगळं बघितलं होतं.

तो देवघरात गेला. पळी, पंचपात्र आणि ताम्हन घेतलं. थोड्या अक्षता घेतल्या. पहिल्या फवाऱ्यापाशी मांडी घालून बसला, डाव्या हाताने पळीभर पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि सोडलं. असं तीनदा. मग दुसरा फवारा. मग तिसरा.

दुपारी अक्का बाहेर आल्या. हैबती बाराव्या फवाऱ्यापुढे डोळे मिटून बसला होता.

"पाणी सोडलंस का रे?"

"सोडलं अक्का. बाराही जागी. तीन-तीन पळ्या."

"पळ्या?"

"अक्षतापण वाहिल्या. फवाऱ्यांचं गोत्र ठाऊक नव्हतं. पण गुरुजी म्हणतात, गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणावं. म्हणून काश्यप म्हटलं."

अक्कांनी ताम्हन उचललं. त्यात छत्तीस पळ्या पाणी होतं, आणि एक मुंगी पोहत होती.

"अरे, पाणी सोड म्हणजे पूजेतलं नव्हे! अडलेलं पाणी मोकळं करायचं! पाइपाच्या शेवटाला बूच आहे, ते काढायचं. अडलेलं पाणी थंडीत फुगतं, आणि फुगलं की फोडतं. फुगायच्या आत बूच काढायचं. बांध खूणगाठ!"

अक्कांनी स्वतः उभं राहून बूच काढायला लावलं. पाइपातलं बरंचसं पाणी खळखळ वाहून गेलं. हैबतीने ते डोळे भरून बघितलं. मग बूच परत बसवलं, तिसरी गाठ मारली, आणि ती सुटू नये म्हणून दातांनी आवळली.

गुरुवारी दुपारी अक्का व्हरांड्यात आरामखुर्चीत पडल्या होत्या. गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी होती. उन्हाची तिरीप, पायांवर शाल. अक्कांचा डोळा लागला.

हैबती झाडू घेऊन जात होता. त्याने पिशवी बघितली. पिशवी टम्म फुगली होती.

हैबती थांबला. पाणी आत अडलेलं. पिशवी फुगलेली. आणि खाली अक्कांचा गुडघा. आधीच दुखरा. फुटली म्हणजे?

तो चवड्यांवर पुढे गेला आणि त्याने बूच काढलं.

अक्का ज्या वेगाने उठल्या, त्या वेगाने त्या गेल्या तीस वर्षांत उठल्या नव्हत्या. आरामखुर्ची एकीकडे, शाल दुसरीकडे. अक्का थेट तुळशीवृंदावनापलीकडे.

"गुडघा दुखतोय का हो अक्का?" हैबतीने काळजीने विचारलं.

"मूर्खा! ते गरम पाणी होतं!"

"पण फुगलं होतं."

"गरम असतं ते सोडायचं नसतं! गरम असतं ते जपायचं असतं! थंडीचे दिवस आहेत. जे उघडं असेल ते झाकायचं, गोणपाट गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं. उघडं राहिलं की गारठतं, गारठलं की फुटतं. तो भिंतीवरचा नळ बघ, कसा उघडा पडलाय. उद्या सकाळी तो नीट गुंडाळ. आणि उघडं काही म्हणून ठेवू नकोस!"

"बरं अक्का. उघडं काही म्हणून ठेवायचं न्हाई."

चौथी गाठ. पंचा आता चार बोटं आखूड झाला होता.

शुक्रवारी सकाळी हैबतीने भिंतीवरचा नळ गुंडाळला. फार सुरेख गुंडाळला. आधी गोणपाट, मग सुतळी, मग परत गोणपाट. नळ बाळंतपणाहून उठलेल्या बाईसारखा दिसू लागला. या कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

पण गोणपाट उरलं. सुतळीही उरली. आणि अक्कांनी सांगितलं होतं, उघडं काही म्हणून ठेवू नकोस. हैबतीने बंगल्याभोवती फेरी मारली. फाटकावरची नावाची पाटी उघडी होती. गुंडाळली. स्कूटर गुंडाळली. दगडी कासव उघडं होतं. त्याला टोपडं घातलं.

मग तो व्हरांड्यात आला. तिथे गुरुजी बसले होते.

साखरपुड्याची तयारी बघायला गुरुजी सकाळीच आले होते. आंघोळ करून, सोवळं नेसून, उन्हाकडे तोंड करून जपाला बसले होते. डोळे मिटलेले. मौन धरलेलं. कमरेच्या वर फक्त जानवं.

हैबतीने उरलेल्या गोणपाटाकडे बघितलं. एवढे मोठे गुरुजी, आणि असे उघड्यावर. गारठले तर? फुटले तर?

थोड्या वेळाने शाल्मली चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि तिने किंकाळी फोडली. व्हरांड्यात एक गोणपाटाचं बोचकं मांडी घालून बसलं होतं. वरच्या बाजूने फक्त एक नाक बाहेर आलं होतं. बोचक्याच्या आतून जपमाळेचा टकटक आवाज येत होता. गुरुजींचं मौन होतं. मौन म्हणजे मौन. एकशे आठ पूर्ण झाल्याशिवाय ते बोलणार नव्हते.

अक्का, शाल्मली आणि हैबती समोर उभे राहून एकशे आठ व्हायची वाट बघत राहिले.

शेवटी बोचकं म्हणालं, "सोडा मला!"

शाल्मलीने कात्री आणली. गुरुजी बाहेर आले. त्यांच्या दाढीत गोणपाटाच्या दशा अडकल्या होत्या, पण त्यांना घाम आला होता, हे कुणालाही नाकारता आलं नसतं.

"अरे शहाण्या, कुणाला हात लावण्याआधी विचारावं की नाही? 'करू का' म्हणून विचारावं. होकार आला की मग करावं!"

"पण गुरुजी, तुमचं मौन होतं. मी विचारलं असतं तरी..."

"हैबती!" अक्का म्हणाल्या. "गाठ मार."

हैबतीने पाचवी गाठ मारली. आधी विचारायचं. होकार आला की करायचं.

शनिवार उजाडला. लॉनवर पांढराशुभ्र मांडव उभा राहिला. मांडवाखाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या मांडल्या. मधे गालिचा. अक्का सारख्या आकाशाकडे बघत होत्या. रेडिओवर सांगितलं होतं, आजची रात्र या हिवाळ्यातली सगळ्यात थंड असेल.

दुपारी रज्जाक मिस्त्री कॉम्प्रेसर घेऊन आला. पाइपाच्या वळणांत पाणी अडून राहतं, ते जोराची हवा मारून बाहेर काढायचं, हे शेवटचं काम होतं. मिस्त्रीने पाइपाला नळी जोडली. कॉम्प्रेसर फाटकाबाहेर होता, आणि हवा सोडायचं चाक लॉनच्या कोपऱ्यात.

"हैबती, मी हवा भरतो. तू ते चाक थोडं थोडं फिरव. हवा जाऊ दे पाइपात. जमेल?"

"जमंल की."

मिस्त्रीने मशीन चालू केलं. हैबतीने चाकाला हात घातला. आणि थांबला. पंचाची पाचवी गाठ हाताला लागली होती.

तो खाली वाकला. पाइपाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "हवा सोडू का?"

पाइप काही बोलला नाही.

"थोडीच सोडतो. सोडू का?"

पाइप गप्प. हैबतीला वाटलं, याचंही मौन असेल. एकशे आठ पूर्ण होईपर्यंत थांबायला हवं. तो मांडी घालून बसला.

फाटकाबाहेर मशीन घरघरत होतं. हवेचा काटा वर चढत होता. मिस्त्री आत चहा प्यायला गेला. चहा झाला. मिस्त्रीने दुसरा कप मागितला. काटा आणखी वर गेला. मिस्त्री बाहेर आला, त्याने काटा बघितला आणि त्याच्या हातातली बशी पडली.

"हैबती! अरे चाक फिरवलंस का नाही?"

"विचारतोय!"

"कुणाला?"

"पाइपाला! उत्तर देत न्हाई!"

"या अल्ला! उत्तर येत नसेल तर विचारत काय बसायचं! उत्तर आलं नाही की आपणच करून मोकळं व्हायचं! फिरव! फिरव!"

"थोडं थोडं का सगळं?"

"फिरव!"

हैबतीने सगळं फिरवलं.

आधी जमिनीतून गुरगुर ऐकू आली. मग बाराही फवाऱ्यांनी एकदम डोकी वर काढली. आणि मग पाइपांच्या तळाशी वर्षभर साठलेला गाळ बारा कारंज्यांतून फिस्सकन् आभाळात गेला. थोडा वेळ तो वरच राहिला. मग खाली आला.

पांढऱ्या मांडवावर चॉकलेटी ठिपके. पांढऱ्या खुर्च्यांवर चॉकलेटी ठिपके. अक्का मांडवाच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या चष्म्याची एक काच स्वच्छ होती.

"पाइप मात्र कोरडे ठणठणीत झाले," मिस्त्री चाचरत म्हणाला. "आता कितीही थंडी पडू दे, अक्का. काही फुटायचं नाही."

"बघ अक्का, बांधणीसारखं दिसतंय," शाल्मली म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "निनादला चॉकलेटी रंग आवडतो." निनाद म्हणजे तिचा होणारा नवरा.

अक्का व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. आठवडाभराचा शीण त्यांच्या तोंडावर आला होता. त्यांनी चष्मा काढला, लॉनकडे बघितलं आणि एक हात हवेत उडवला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "हैबती, मी आता या लॉनवर पाणी सोडलं."

आणि आत निघून गेल्या.

हैबती लॉनकडे बघत राहिला. त्याने पंचातल्या गाठी चाचपल्या. मग परत लॉनकडे बघितलं. लॉन कोरडं होतं. फवारे कोरडे होते. मिस्त्रीने तर सांगितलं होतं, ठणठणीत कोरडे.

अक्का म्हणतात, पाणी सोडलं. पण पाणी तर कुठेच सुटलेलं नाही.

हैबती खिडकीशी गेला. "अक्का! पाणी खरंच सोडलं का?"

उत्तर नाही. आत अक्का उशीत तोंड खुपसून पडल्या होत्या.

"अक्का! का मी सोडू?"

उत्तर नाही.

तेव्हा हैबतीला सगळं लख्ख समजलं. अक्कांचं वय झालं होतं. सोडते सोडते म्हणाल्या आणि सोडायचं विसरल्या. एवढी पंचाहत्तर वर्षांची बाई, नातीचा साखरपुडा, गुडघा दुखतोय. विसरणारच. आणि आठवडाभरात हैबतीला इतकं शिकवलं होतं, ते कशासाठी?

तो लॉनच्या कडेला गेला. चपला काढल्या. एकेक गाठ सोडत गेला. चावी म्हटलं की खड्डा. डावीकडं चालू. पाणी सोड म्हणजे पूजेतलं नव्हे, मोकळं करायचं. आधी विचारायचं. विचारलं होतं. उत्तर आलं नाही की आपणच करून मोकळं व्हायचं.

एकही धडा वाया गेला नव्हता. त्याने खड्ड्यात हात घातला आणि पितळी चावी डावीकडे फिरवली. जाईल तेवढी.

बाराही फवाऱ्यांनी डोकी वर काढली आणि संधिप्रकाशात गरगर फिरू लागले. मांडवाचे ठिपके धुऊन निघाले. खुर्च्यांचे ठिपके धुऊन निघाले. हैबतीला वाटलं, अक्का सकाळी बघतील आणि म्हणतील, शाब्बास. पंचा खांद्यावर टाकून तो घरी गेला आणि गाढ झोपला.

थंडी आपल्या वेळेवर आली.

सकाळी शाल्मलीने दार उघडलं. लॉन नव्हतं. तिथे एक आरसा होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गुळगुळीत, चकाकता बर्फ. त्याखाली प्रत्येक गवताची पात हिरवीगार, काचेखाली ठेवल्यासारखी. मांडवाच्या झालरीला हातभर लांब बर्फाचे लोलक लोंबत होते. आणि बारा फवारे अजून फिरतच होते.

अक्कांना बोलावेपर्यंत फाटकात गाड्या थांबल्या. वरपक्ष आला होता. सगळ्यात पुढे वराचे वडील तात्यासाहेब. अंगाने भरभक्कम, डोक्याला गुलाबी फेटा. व्हरांड्यात अक्का दिसल्या तसे त्यांनी दोन्ही हात जोडले, "नमस्कार, नमस्कार!" म्हणाले आणि लॉनवर पाऊल टाकलं.

दुसरं पाऊल टाकायची त्यांना गरज पडली नाही. हात जोडलेल्या अवस्थेतच ते निघाले. मांडवाखालून गेले. नुकतेच येऊन मांडवाचा खांब धरून उभ्या राहिलेल्या गुरुजींच्या शेजारून गेले. गुरुजींनी सवयीने अक्षता टाकल्या. फेटा वाटेत एका लोलकाला अडकून तिथेच राहिला. लॉनच्या मध्यावर तात्यासाहेब खाली बसले, पण थांबले नाहीत. ते सरळ व्हरांड्यापर्यंत आले आणि अक्कांच्या पायांवर डोकं टेकवूनच थांबले.

वराचे वडील वधूच्या आजीच्या पाया पडले, असं हिरडमाळात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मग वरमाय आल्या. मग दोन मावश्या, एकमेकींचा हात धरून. मग एक काका, पेढ्यांच्या परातीवर बसून. निनाद शाल्मलीला सावरायला धावला, शाल्मली निनादला सावरायला धावली. दोघं लॉनच्या मधोमध एकमेकांना धरून गोल गोल फिरत राहिले.

सगळे अडकले होते आणि सगळे हसत होते. तात्यासाहेब सगळ्यात मोठ्याने. "परत जाऊ का हो मी? आणि परत येऊ का?" ते विचारत होते.

एकट्या अक्का हसत नव्हत्या.

"हैबती!"

हैबती बर्फाच्या कडेला चपला काढून उभा होता. पाय लाल झाले होते. तोंड कौतुकाच्या अपेक्षेने फुललं होतं.

"हे तू केलंस?"

"तुम्हीच म्हणाला अक्का, लॉनवर पाणी सोडलं. बघितलं तर सुटलं नव्हतं. तुम्हाला दोनदा विचारलं. उत्तर आलं न्हाई. मग मीच मोकळं केलं."

अक्कांनी डोळे मिटले. रज्जाक मिस्त्री साखरपुड्याला नवा सदरा घालून आला होता. तो भिंतीला धरून धरून पाइप बघून आला.

"एकही फुटला नाही, अक्का," तो म्हणाला. "वाहतं पाणी गोठत नाही ना. रात्रभर वाहत होतं, म्हणून पाइप शाबूत."

"अक्का," शाल्मली फिरता फिरता ओरडली, "तू म्हणाली होतीस, नळ फुटला तरच फरशी!"

अक्कांनी दात आवळले. "नाही घालत फरशी."

"आता कशाला घालता?" हैबती समजुतीने म्हणाला. "घातल्यासारखीच दिसती की. संगमरवरी."

"हैबती!" अक्का गरजल्या. "हा बर्फ वितळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस!"

"बरं अक्का," हैबती म्हणाला. या वेळी त्याने गाठ मारली नाही. धडा सोपा होता.

साखरपुडा झाला. व्हरांड्यातच झाला, दाटीवाटीने. अंगठ्या घालून झाल्या, तेव्हा पाहुण्यांना पेढे मिळू लागले. पेढे कोण देतंय हे कुणाला कळत नव्हतं. कारण वाटणाऱ्याच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत गोणपाट ओढलेलं होतं आणि गळ्याशी सुतळीची सुबक गाठ होती. त्याने एक पेढा तात्यासाहेबांना दिला. एक खांबाला दिला. मग हात पुढे करून तो अंदाजाने अक्कांसमोर आला.

"अक्का," गोणपाटाच्या आतून आवाज आला, "वितळला का?"

अक्कांनी त्या गोणपाटाकडे बघितलं. त्यांचे ओठ थरथरले. मग खांदे हलायला लागले. मग अक्का हसल्या, अशा हसल्या की गुडघा धरून खाली बसल्या आणि डोळे पदराने पुसत म्हणाल्या, "वितळला रे बाबा, वितळला!"

हैबतीने सुतळी सोडली. गोणपाट वर केलं. लॉनकडे नीट निरखून बघितलं.

"न्हाई हो अक्का," तो म्हणाला, "अजून तसाच आहे."

आणि त्याने गोणपाट परत खाली ओढलं.